दफनानंतरचा रविवार
नातवंडांनो, आजोबांच्या दफनानंतरच्या पहिल्याच रविवारी मी चर्चमध्ये गायले, याचं तुम्हाला फोनवर नवल वाटलं, म्हणून हे लिहिते. मी नवी सून असताना सासरे गेले. मुलचेऱ्याजवळच्या आमच्या कौलारू चर्चमध्ये पहिलं गीत नेहमी सासूबाई सुरू करायच्या. सासऱ्यांच्या दफनानंतरच्या रविवारी बाहेर मोहाची फुलं गळत होती आणि त्यांचा गोड, जड वास आत भरला होता. सासूबाई उभ्या राहिल्या तशी सोबत आलेली शेजारीण कुजबुजली, "बाई, घरात दुःख हाय अन् तुमी गाऊन राह्यल्या? लोक काय म्हणतीन?" त्या म्हणाल्या, "रडून पाह्यलं वं, जीव हलका नाई झाला. आता गाऊन पायतो." दुसऱ्याच ओळीला त्या रडत थांबल्या. ढोलकीही थांबली. मला वाटलं, आता या बसतील आणि पुन्हा कधीच गाणार नाहीत. पण त्यांनी पदराने डोळे पुसले, पट्टी खाली घेतली आणि गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलं. घरी येऊन त्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. ही माझी सासू, असं तेव्हा मी सगळ्यांना अभिमानाने सांगत सुटले. ते गीत आमची मंडळी आजही त्यांच्याच खालच्या पट्टीत गाते.