रामटेकेभाऊंनी पाडलेला साग

रामटेकेभाऊ माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, पायांकडे पाहत. आलापल्लीजवळच्या आमच्या रेंज ऑफिसात मी टंकलेखक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी हे काटकुळे वनरक्षक पायरीवर उकिडवे बसून अंगणातली धूळ न्याहाळत होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर केली नाही.

"डाव्या टाचेत काटा हाय तुमच्या," ते म्हणाले. "तीन-चार दिस झाले असन. काहाडला काऊन नाई, बाबू?"

काटा होता. ब्रह्मपुरीला घरच्या धानाच्या बांधीत रुतला होता आणि मोडून आत राहिला होता. भाऊंनी खिशातून चिमटा काढला, मला पायरीवर बसवलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांदेखत माझा पाय मांडीवर घेऊन काटा उपसला. मी ओरडलो तेव्हा म्हणाले, "वरडा, वरडा. इथी वरडणारे लोक कमी हायेत."

हे सगळं मी रागानं लिहितो आहे. राग निवल्यावर लिहावं म्हणून बरीच वर्षं थांबलो. तो निवला नाही. भाऊ सिंदेवाहीला वारले तेव्हा खात्यानं शोकसभा घेतली. एका बड्या अधिकाऱ्यानं 'कर्तव्यदक्ष', 'निष्ठावान' असे शब्द वापरले आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी उठून बाहेर आलो. नव्वदच्या दशकात तोच माणूस आमचा रेंजर होता. त्याला मी इथे नुसतं साहेब म्हणणार आहे. नाव लिहिण्याइतका मान मला त्याला द्यायचा नाही.

भाऊंच्या बीटमध्ये, म्हणजे त्यांनी राखायच्या जंगलात, चैतू मडावी नावाचा वनमजूर होता. रोजंदारीवरचा, पंचविशीचा, अबोल. वाघांची गणती आली की दोघं मिळून नाल्याच्या रेतीत पंजे शोधत आणि त्यांत प्लास्टर ओतून ठसे घेत. चैतू माडिया बोलायचा, भाऊ झाडीबोली. कामापुरती दोघांची एक तिसरीच भाषा तयार झाली होती. सागाची चोरी तेव्हा बैलगाडीवरून ट्रकवर आली होती. जंगलात कोणी जात नव्हतं. साहेब तर डांबरी रस्ता सोडत नसत. कोणी विचारलं की नक्षल्यांचं नाव सांगून मोकळे होत. त्यामुळे त्या सगळ्या रानावर खरी नजर होती ती या दोघांचीच.

माघाच्या थंडीत एका सकाळी चैतू जंगलातल्या गाडीवाटेवर मेलेला सापडला. छातीवरून काहीतरी जड गेलं होतं. शेजारी सागाचा एक ओंडका पडलेला. साहेब जीपनं आले, गाडीतून न उतरता पाहिलं आणि मला मजकूर सांगितला: लाकूड चोरून नेताना ओंडका अंगावर पडून मृत्यू.

भाऊ तोवर वाटेवर गुडघ्यांवर रांगत होते. उठले तेव्हा तोंड दगडासारखं झालं होतं.

"साहेब, खाली उतरा. हे पाहा. ट्रकचं चाक हाय. मांगच्या जोडचाकाच्या भायेरच्या टायरले आडवा चिरा हाय, हाताएवढा. अन् हे चैतूचे पाय. इथवर धावत आला. इथी थांबला. अन् इथी वळला." त्यांचा आवाज फाटला. "पळून नाई राह्यला तो. ट्रकसमोर उभा झाला."

साहेब हसले. "रामटेके, वाघाचे ठसे घेता घेता तुम्हाला ट्रकचेही दिसायला लागले?"

"तोंडानं माणूस काईबी सांगते, साहेब. पायाले खोटं नाई बोलता येत."

जीप निघून गेली. मी मागच्या सीटवर कागद सांभाळत बसलो होतो. वळून पाहिलं तर भाऊ नाल्याकडे पाणी आणायला चालले होते. गणतीतलं उरलेलं प्लास्टर त्यांनी त्या दिवशी टायरच्या चिऱ्याच्या खुणेत आणि चैतूच्या शेवटच्या पावलांत ओतलं. ते ठसे घरी नेऊन तांदळाच्या पोत्यात गुंडाळून ठेवले.

चैतूची बायको रैनीबाई कडेवर पोर घेऊन ऑफिसात यायची. खात्याकडून काही मदत मिळेल का, हे तिला विचारायचं असे. साहेब तिला आत घेत नसत. शिपायाच्या तोंडून निरोप यायचा: चोराच्या बायकोला मदत मिळत नाही. हे उत्तर तिला माझ्या टेबलासमोर तीनदा मिळालं. तिन्ही वेळा मी टाइप करत राहिलो.

पुढे दोन महिने तो ट्रक आमच्या बाजूला फिरकला नाही. मग होळी झाली, मोहाची फुलं गळू लागली आणि भाऊंना खबर लागली की त्याच ट्रकमधून लाकडाच्या ठेकेदाराचा माल निघतो आहे. कागदोपत्री परवाना होता. वनखात्याचा तपासणी नाका उघडा ठेवायचा साहेबांचा तोंडी हुकूम होता. भाऊंकडे बंदूक नव्हती, वायरलेस नव्हता. एक कुऱ्हाड आणि एक शिट्टी, एवढंच खात्यानं दिलेलं. त्यांनी नाक्याच्या अलीकडच्या वळणावर, वणव्यात अर्धा जळालेला एक वाकडा साग निवडला आणि भर दुपारी तोडून रस्त्यावर आडवा पाडला. बावीस वर्षं झाडं राखलेल्या माणसानं पाडलेलं ते एकच झाड. मग पोतं शेजारी ठेवून त्या खोडावर बसले.

मी ट्रकच्या मागच्या जीपमध्ये होतो. पुढे साहेब आणि ठेकेदार. ट्रक थांबला, तसा ठेकेदार खाली उतरला.

"ए रामटेके, हटव ते झाड!"

"हटवतो ना. आधी मांगचा टायर पाहू द्या."

"तुझी नोकरी एका फोनमध्ये घालवीन. नक्षल्यांचा माणूस म्हणून आत टाकीन, समजलं?"

भाऊ उठले. कुऱ्हाड खोडावर तशीच ठेवली, रिकाम्या हातांनी ठेकेदाराच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. "टाका. पण तुमची गाडी माह्या अंगावरून न्या लागन. चैतूच्या अंगावरून नेली तशी. सवय झाली असन गाडीले."

ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. तेवढ्यात झाडांमधून माणसं बाहेर येऊ लागली. चैतूच्या टोल्यातली, त्या वस्तीतली बायामाणसं, चाळीसेक असतील.  सगळ्यात पुढे रैनीबाई होती. साहेब जीपमधून उतरले. घाम मानेवरून कॉलरीत चालला होता.

"रामटेके, तुम्हा लोकांना कायद्याची फार हौस," ते दात आवळून म्हणाले.

"कायदा आमच्याच बापानं लिवला, साहेब. हौस राहीनच."

भाऊंनी पोतं सोडलं. प्लास्टरचा ठसा मागच्या टायरला लावला. चिऱ्याशी चिरा जुळला. ड्रायव्हरला रडू कोसळलं. तो खाली उतरून रैनीबाईच्या पायाशी बसला आणि ठेकेदाराकडे बोट करून म्हणाला, "शेठ बाजूलेच बसले होते. 'चलाओ' म्हणे."

मग भाऊ माझ्याकडे वळले. "लिहा, बाबू. जे पाह्यलं ते लिहा."

मी जीपच्या बॉनेटवर पॅड ठेवून, कार्बन लावून तीन प्रतींत पंचनामा लिहिला. चैतू ट्रक अडवण्यासाठी समोर उभा होता, हे लिहिलं. ड्रायव्हरचं बोलणं लिहिलं. एवढ्या लोकांसमोर साहेबांना सही करावी लागली. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला तो सर्वांत चांगला मजकूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तो माझ्याकडून मागून घेतला आणि चहाच्या स्टोव्हवर धरला. प्लास्टरचे ठसे सरकारजमा करून घेतले होते, ते 'हाताळताना फुटले'. ड्रायव्हर रातोरात कुठल्या राज्यात गेला, कोणाला कळलं नाही. मला नवीन मजकूर सांगण्यात आला: वनरक्षक रामटेके यांनी एक परिपक्व सागवृक्ष विनापरवाना तोडून शासनाचं नुकसान केलं व जमाव गोळा केला. परिपक्व! अर्धा कोळसा झालेलं ते झाड. मी टाइप केलं. माझी नोकरी कायम व्हायची होती. हात थरथरले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. एकही चूक न होता तो कागद टाइप झाला होता.

भाऊ निलंबित झाले. ऑफिससमोरच्या झाडाखाली येऊन बसत, हजेरी लावायला. एकदा मला हाक मारून म्हणाले, "बाबू, तो पंचनामा तं तुमीच लिवला होता ना?" मी म्हणालो, "साहेबांकडे दिला, भाऊ." ते माझ्या पायांकडे पाहत राहिले.

साहेबांनी दोन प्रती जाळल्या होत्या. तिसरी पॅडमध्येच राहिली होती आणि ती मी त्याच दिवशी माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी ठेवली होती. वर्षभर ठेवली. खाली साहेबांची सही उमटलेली, निळी, स्पष्ट. भाऊंच्या खातेचौकशीची शेवटची तारीख लागली तेव्हा एका रविवारी मी तो कागद घेऊन भाऊंच्या खोलीवर गेलो. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. दोनदा वाचला.

"वर्षभर कुठी होता हा?"

"ट्रंकेत."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. "माह्यापाशी कायले आणला?" ते ओरडले. शेजारची माणसं बाहेर आली. "माही नोकरी गेली तं गेली! तिचा माणूस वर्षभर चोर म्हणून मेला हाय. तिच्यापाशी जा. तिले वाचून दाखवा. चाला!"

ते मला टोल्यावर घेऊन गेले. रैनीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी वाचू लागलो. भाऊ एकेक वाक्य तिला तिच्या भाषेत जमेल तसं सांगत गेले. 'समोर उभा होता' इथे आल्यावर तिनं हात वर करून मला थांबवलं, शेजारपाजारच्यांना हाका मारून गोळा केलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लावलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

चौकशीत मांडलेल्या त्या कागदानं चैतूच्या नावापुढचा चोर हा शब्द खोडला गेला आणि रैनीबाईला तिचं हक्काचं मिळालं. भाऊ पुन्हा कामावर आले, पण झाड तोडल्याचा ठपका कायम राहिला आणि बदली सिंदेवाहीकडे झाली. ठेकेदारावर खटला उभा राहिला नाही. साक्षीदार नाही, ठसा नाही. साहेबांना बढती मिळाली.

भाऊ निघाले त्या दिवशी आलापल्लीच्या बसस्टँडवर अख्खा टोला आला होता. खात्यातर्फे मी एकटा होतो, तोही रजा टाकून. ते खिडकीपाशी बसले तसा मी पुढे गेलो.

"भाऊ, मला माफ करा."

"नाई करत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "माफ केलं तं तुमी इसरून जासान, बाबू. अजून लई कागद लिहा लागतीन तुमाले."

कंडक्टरनं घंटी मारली. बस अहेरी फाट्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत टोल्यातली माणसं उभी होती. मग ती निघाली आणि मी ऑफिसात जाऊन टाइपरायटरवरचं कापड काढलं.