बांधून सोबत

आमच्या वाडीत टँकर म्हटला की चाकांचाच. मीही तोच हाकला, डिझेलचा, तीस वर्षं. त्यामुळे मुलगा समुद्रात तेलाच्या जहाजांसोबत जाणारी छोटी पण दणकट टगबोट चालवायला लागला, तेव्हा त्याच्या कामातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी मिजास होती.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. भरलेल्या जहाजाचं सुकाणू किनाऱ्याजवळ अडकलं, जहाज खडकावर चढलं, तेल सांडलं. त्याची टगबोट मागेच होती. आता कंपनीला त्याच्याकडून लेखी हवं होतं, की नियमाप्रमाणे बांधून सोबत केली.

"सोबत होता ना तू? मंग सही करून दे. काहून घोळ घालून राहिला?" मी ओरडलो. "पण दोर..." असं काहीतरी तो म्हणत होता. त्याची नोकरी जाईल या भीतीने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढचं मी ऐकलंच नाही.

पंधरा दिवसांनी तो घरी आला. धड जेवेना, बोलेना. मी आपलं शहाणपण पाजळत होतो: अवजड गाडीपुढे आम्हीही लाल झेंड्याची जीप पाठवायचो, तिला कोण दोर बांधतं? तेव्हा तो उठला. माझ्या खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याने माझ्या कमरेभोवती घातला आणि दोन्ही टोकं मागून घट्ट धरली.

"आता पळा, बाबा."

मला पाऊल टाकता येईना.

"आमच्यात याले बांधून सोबत म्हणतात. जहाज भरकटलं तं मागून असं धरून ठेवाचं. त्या दिवशी घाई होती, जहाजाच्या कप्तानानं आमचा दोर घेतलाच नाही. मी नुसताच मागं मागं."

"मंग तसंच लिहाचं होतं!"

"बांधला होता असं लिहिलं. मंग कंपनीवाल्याइनं इचारलं, सुटला कसा? दोर बांधणारा आमचा खलाशी हाय ना, त्याले काढून टाकलं. म्हणे, गाठ कच्ची मारली."

आपला तो बाब्या म्हणतात तसं झालं होतं माझं. मला लाज वाटली आणि लाजेपोटी रागच आला.

"फाडून टाक तो कागद," मी म्हणालो.

"कागद कवाच गेला कंपनीत, बाबा. तुम्हीच म्हणाले ना, सही करून दे."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, त्या खलाशाचा नंबर दे, मी बोलतो त्याच्याशी.

"काय सांगणार त्याले?"