शोकेसमधले वाइनचे ग्लास

वडील वरणगावच्या फॅक्टरीत होते. तिथल्या एका साहेबांनी बदली होऊन जाताना जास्तीचं सामान वाटून टाकलं, तेव्हा वडील वाइनचे चार जुने ग्लास घेऊन आले. रोज संध्याकाळी बुद्धवंदनेत पाचवं शील म्हणणारं, दारूच्या थेंबालाही न शिवणारं आमचं घर. आईच्या डोक्याला ताप झाला. "आणलेत ना, आता तुम्हीच सांभाळा. मी हात लावणार नाही," म्हणाली, आणि शब्द पाळला. ग्लास शोकेसच्या वरच्या कप्प्यात गेले. सांभाळायचं म्हणजे पुसायचंही असतं, हे वडिलांच्या गावीच नव्हतं.

आल्यागेल्याला ते लांबूनच दाखवायचे. देठात वर चढत गेलेला हवेचा पीळ, बुडाखाली, काच घडवताना ती धरून ठेवणारी कारागिराची सळई तोडल्याचा खरखरीत व्रण. पूर्वी म्हणे असे ग्लास मेजावर ठेवतच नसत. नोकर भरून आणायचा, पाहुण्याने पिऊन लगेच परत द्यायचा, म्हणून इतके छोटे. ऐकून ऐकून मला कंटाळा आला होता.

मग मला बघायला धुळ्याकडची मंडळी आली. मुलगा मला मनापासून आवडला. पोहे खाताना त्याच्या काकांची नजर वरच्या कप्प्यावर गेली.

"भाऊ, ह्या गिलास दारूना शेतस ना?"

वडील उत्साहाने देठातला पीळ समजावू लागले. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या घरातला एक कर्ता माणूस दारूने गेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

आईच्या घरात कुठेही बोट फिरवा, धूळ सापडायची नाही. तिला त्याचा केवढा अभिमान. तीच आई उठली, शोकेस उघडलं आणि पदराने धरून एक ग्लास काकांपुढे ठेवला. आत धुळीचा थर आणि कुंभारमाशीचं मातीचं घरटं, वाळून कडक झालेलं.

"आणल्यापासून कोणी हात लावलेला नाही, आबा." तिचे कान लाल झाले होते.

काकांनी ग्लास उजेडात धरला. "आठे ते माशीनी घर करेल शे," म्हणाले आणि हसले. लग्न ठरलं.

मंडळी गेल्यावर वडील मुकाट्याने मोरीत ग्लास धुवायला बसले. आई म्हणाली, "तो एक राहू द्या."

आता तो पिंप्राळ्यात माझ्या शोकेसमध्ये आहे, घरट्यासकट. कोणी विचारलं की नवरा सांगतो, आमचं लग्न माशीने जमवलं. मी हसते, पण मला आईचे लाल कान आठवतात.