अहो, कान द्या

डॉक्टरीणबाई माणसांना सर्रास अरे-अगं करत आणि डुकरांना मात्र ‘अहो’ म्हणत. पार्ल्यातल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत. पेशाने पशुवैद्यक, आणि उपनगरांतल्या डुकरांच्या एकमेव आप्त. “अहो बाई, जरा कान द्या,” असं आर्जवून त्या डुकरिणीच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेत. मी पहिल्यांदा हसले, तेव्हा म्हणाल्या, “दात काय काढतेस गं? न विचारता रक्त घ्यायचं, तर निदान ‘अहो’ तरी म्हणावं.”

जंतुनाशकाचा उग्र, निळसर वास त्यांच्याआधी जिना चढून आमच्या घरी येई. सोबत जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. पूर्वी नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाई आणि उत्तर येईपर्यंत निम्मा कळप मातीआड झालेला असे. हे यंत्र थेंबभर रक्तातला डुकरांच्या जीवघेण्या तापाच्या विषाणूचा अंश हुडकून तासाभरात सांगे; जनावर आजारी दिसू लागण्याआधीच. “आधी कळलं की शेजारचे कळप वाचतात गं,” त्या मोठ्याने सांगत. या तापावर औषध नाही, हे मात्र अगदी हळू.

त्यांच्याबरोबर भांडुपच्या टेकडीवर मी एकदाच गेले. शेजारच्या वस्तीत डुकरं मेली होती, म्हणून टेकडीवर डुकरं पाळणाऱ्या आक्काच्या कळपाची तपासणी होती. लागण पसरू नये म्हणून मला चुन्याच्या रेघेबाहेर उभं केलेलं. आत आक्काची लाडकी ठमी, गाभण, ओल्या मातीने माखलेली, कलिंगडाची सालं करकरा चावत होती. इतका रसरशीत आवाज मी क्वचितच ऐकला असेल.

ठमीच्या रक्ताचा थेंब यंत्रात घातल्यावर तासाभराने पडद्यावर सपाट पडलेली रेघ अचानक उभी चढली.

“ठमीला लागण आहे, आक्का.”

“काहीतरीच! खातेय बघा कशी! तुमचं डबडं बिघडलंय, डॉक्टर.”

“बिघडलेलंच असू दे गं, बाई,” त्या पुटपुटल्या. नव्याने रक्त घेतलं, पुन्हा चाचणी लावली. पुन्हा तीच रेघ, तितकीच उभी.

“म्हणजे ठमीला मारणार?”

“सगळ्यांनाच, आक्का. नियमच आहे तो.”

आक्का रडली नाही. तिने हातातलं साल ठमीपुढे धरलं, आणि ते करकर चावल्याचा आवाज मला सोसवेना. मरण इतकं भुकेलं, इतकं तजेलदार असू शकतं?

दुपारी कळप मारायला सरकारी पथक आलं. मारण्याआधीच्या भुलीच्या इंजेक्शनसाठीही कानाचीच शीर लागते. सिरिंज डॉक्टरीणबाईंनी मागून घेतली. मी त्यांच्या ‘अहो’ची वाट पाहत होते. त्या चिखलात गुडघे टेकून बसल्या, ठमीच्या पोटावर तळवा ठेवला, आणि ओठांतून फुटलं ते निराळंच.

“अगं ठमे… कान दे गं.”

ठमीने दिला.