तेराव्यानंतर या

प्रभंजना, रागावलास तर रागाव. तू स्वतःबद्दल चार वाक्यं धड बोलणार नाहीस, म्हणून मीच लिहितेय. वरच्या मजल्यावरून तुझ्या शालिनीअक्काला सगळं दिसतं. चुकलं असेल तिथे जिना चढून ये आणि सांग. येणार नाहीस म्हणा.

प्रभंजन जुन्या हुबळीत एका ठोक कापडवाल्याच्या गोदामात कामाला. गठ्ठे लॉरीत चढवून घ्यायचे, पावत्या फाडायच्या. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा त्यानं क्रेडिट कार्ड पुढे केलं. वडील त्यावर सात-आठ वर्षं जगले. कार्डाचं व्याज मात्र त्यांच्याहून धट्टंकट्टं निघालं. आधी बँकेचे फोन, मग दमदाटी, मग सगळं शांत. शांत झालं म्हणजे मिटलं, असं प्रभंजनला वाटलं.

वडील गेले आणि सुतकातच कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन दारात आला. अग्नी दिलेला प्रभंजन कोपऱ्यात वेगळा बसलेला. बेलीफानं चपला काढल्या, कागद पुढे केला.

"नको हो अण्णा, सुतक आहे. मला शिवलात तर तुम्हालाच अंघोळ. तेराव्यानंतर या, सही करतो."

"आत्री," बेलीफ म्हणाला. म्हणजे ठीक आहे. हात जोडून गेला.

तेराव्याला प्रभंजननं बायकोला, विमलला, बजावलं, "त्या अण्णांसाठी दोन लाडू बाजूला ठेव." लाडवांना मुंग्या लागल्या, बेलीफ आला नाही. 'समन्स घेण्यास नकार' असं त्यानं कोर्टात केव्हाच लिहून दिलं होतं. निकाल प्रभंजनच्या गैरहजेरीत लागला.

हे त्याला कळलं ते मालकाच्या तोंडून, हमालांसमोर. पगारातला हिस्सा दरमहा कापून कोर्टात भरायचा हुकूम दुकानावर आला होता. "काय प्रभंजनराव, जप्ती तुमच्यावर आणि हेलपाटे आम्हाला?"

त्या दिवसापासून तो गोदामात मागच्या दारानं शिरू लागला. नोकरी सोडावी, तर पन्नाशीच्या माणसाला ठेवणार कोण? ठेवलंच, तर हुकूम तिथेही पोचणार. मुलगी यमुना नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. पगारातून जे कापलं जात होतं, ती नेमकी तिची पुढची फी.

धारवाडला केलगेरीत राहणाऱ्या वकिलांनी वाट दाखवली. निकाल रद्द करून मागता येतो, कळल्यापासून महिन्याच्या आत. "लिहून द्या, बेलीफ आलाच नव्हता. संपलं."

"आला होता की. चपला काढून उभा होता."

"मग भोगा!"

घरी विमल भडकली. "त्यानं तुम्हाला बुडवलं, आणि तुम्ही त्याच्या चपला सांभाळत बसा!"

"त्याची नोकरी जाईल गं."

"आणि पोरीचं कॉलेज?"

मान खाली घालून तो ताटातला भात नुसता कालवत राहिला.

वास्तविक खोटं लिहायची गरजच नव्हती. त्या सकाळी मी जिन्यात उभी होते. 'तेराव्यानंतर या' आणि 'आत्री' दोन्ही माझ्या कानांनी ऐकलंय. तसं मी वकिलांना फोनवर ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, या त्याला घेऊन, पण सही त्याची हवी, आणि सोमवार शेवटचा.

सोमवारी सकाळी प्रभंजन रजा मागायला गोदामात गेला. मालक हसला. "पगार कापला जातोय तो पुरत नाही, आता दिवसही कापू?" हमालही हसले. यानं अंगातला इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला टांगला आणि गठ्ठ्यांकडे वळला.

मुदत गेली. कापणं चालू आहे. यमुना साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते.

प्रभंजना, सुतकाची तारीख दाखवायला घेतलेला तुझ्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला अजून माझ्या पर्समध्ये आहे. तू गोदामातून परस्पर स्टॉपवर येणार होतास, आणि धारवाडची बस आपण दोघांनी पकडायची होती. दोन बस सोडल्या मी त्या दिवशी.