खाली

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तिच्यावर कादंबरी लिहायला घेतली. तिच्यासारख्या एका बाईवर, असं मी लोकांना सांगायचो. खरं तर नाव तेवढं बदललं होतं. माधव नगरातलं आमचं घर, वरच्या दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर, रस्त्याच्या बाजूला भाड्याने दिलेलं दुकान, सगळं जसंच्या तसं उतरत गेलं. बँकेतून आलो की चहा घेऊन बसायचो आणि पानं भरायची. मग तिच्या मरणाचा प्रसंग आला आणि हात थांबला.

घडलं होतं ते एवढंच. सकाळी बँकेत निघण्यापूर्वी मी वर तिच्या खोलीत गेलो. दम्याने ती कितीतरी दिवस अंथरुणाला खिळली होती, बोलणं जवळपास बंद झालं होतं. मला बघून तिने हात जरासा हलवला आणि म्हणाली, "खाली." पुढे बोलायला श्वास पुरला नाही. मी धावत खाली गेलो. गॅस बघितला, मागचं दार बघितलं, कोणी आलंय का म्हणून रस्त्यावरही डोकावलो. काहीच नव्हतं. वर आलो तेव्हा ती गेली होती.

पुण्याच्या माणसाला हे इतकं छळणार नाही. तिथे खाली म्हणजे खाली. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे. आमच्या मराठीत हिंदीतला 'खाली'ही सुखाने नांदतो. आमच्याकडे डबा खाली होतो, बस खाली जाते. तिच्या उशाशी तांब्या असायचा. तो रिकामा आहे, असं तर ती सांगत नव्हती? पाणी मागत होती का माझी आई? तांब्यात पाणी होतं की नव्हतं, हे मी बघितलंच नाही. बायको तेव्हा शाळेत शिकवायला गेली होती. ती येईपर्यंत शेजारणींनी खोली आवरून तांब्या घासून पालथा घातला होता.

कादंबरीतला मुलगा त्या शब्दापाशी येऊन अडायचा. त्याला खाली धाडलं की आई तहानलेली मरायची. त्याला पाणी द्यायला लावलं की मला स्वतःचीच किळस यायची, कारण तसं घडलं नव्हतं. महिन्यांमागून महिने गेले आणि शब्द काही पाठ सोडेना. टावर चौकात मी रिक्षाला हात करावा, तर मागून कोणीतरी ओरडायचं, "भैया, खाली है क्या?" नानाखेड्याला कंडक्टर बसच्या पत्र्यावर थाप मारून सांगायचा, "आ जाओ, पूरी खाली है." मी चढायचो आणि खिडकीशी बसून तिचा हलणारा हात बघत राहायचो. तो जिन्याकडे होता की तांब्याकडे? भीती वाटायची मला, भर दुपारी, भर गर्दीत.

त्यात खालचा भाडेकरू दुकान सोडून गेला. नवीन वारं होतं. जो तो एसटीडी बूथ नाहीतर केबलचा धंदा काढत होता, दुकान पडून राहणार नव्हतं. मी पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलं, 'दुकान खाली है', आणि शटरला टांगलं. त्या सबंध वर्षात मी लिहिलेलं ते एकमेव पूर्ण वाक्य. मोठा लेखक! घरी येताना मी त्या पुठ्ठ्याकडे न बघता जिना चढायचो.

बायको पुण्याची. एका रविवारी मला त्याच पानावर अडलेलं बघून ती म्हणाली, "सरळ 'रिकामं' लिहा ना."

"आई कधी म्हणाली रिकामं?"

"नाही. त्यांचं सगळंच खाली. भांडं खाली, घर खाली. मी आपली सुरुवातीला जमिनीकडे बघत बसायचे."

दोघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी. मग तिने पानं हातात घेतली, वाचली आणि चिडली. "अहो, हा मुलगा काय मुका आहे? सारखा धावतो कशाला? खाली म्हणजे काय, एवढं विचारता येत नाही त्याला?"

"उत्तर द्यायला तिला श्वास नव्हता."

"तुमच्या आईंना नव्हता. ही कादंबरीतली आहे. हिला द्या थोडा."

ती आत गेली. मी टेबलाशी बसलो. मुलाला खोलीत थांबवलं, जिन्याकडे जाऊ दिलं नाही. त्याला विचारायला लावलं, "आई, खाली म्हणजे काय गं?" आणि पेन थांबलं नाही. तिचं उत्तर मी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगतो. ते तिच्याच आवाजात, धापा टाकत आलं.

"अरे, किती परेशान होतोस. खाली बस ना."

मी ते वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. आतून बायको विचारत होती, "जमलं का?" जमलं होतं, त्यानंतर कादंबरी कुठे अडली नाही. पण इतक्या दिवसांत हा तिसरा अर्थ मला एकदाही सुचला नव्हता. आजारपणात मी रोज सकाळी त्या खोलीत जायचो, औषध द्यायचो, कसं वाटतंय विचारायचो. खांद्याला बँकेची बॅग असायची. एकदाही बसलो नव्हतो.