बंद बक्कल

रताळ्याच्या मळ्याकडे जाताना जोटम रोज वाटेतल्या विमानाच्या पंखावर टकटक करायचा आणि विचारायचा, "काय पाहुणे, पोचलात का घरी?"

त्याचा बापही हेच विचारायचा. महायुद्धातल्या लढाईत या डोंगरावर दोन विमानं कोसळली. अमेरिकन विमानातल्या माणसानं उडी मारली. बापानं त्याला होडीत केळीच्या पानांखाली दडवून सुखरूप पोचवलं. जपानी विमानातला माणूस मात्र कुणाला दिसलाच नाही.

वेला लावेला बेटावर रीत अशी, की ज्या विमानात माणूस गेला ते त्याचं थडगं. त्याला हात लावायचा नाही. ज्यातला वाचला, तो नुसता पत्रा. हा पंख अमेरिकनाचा, असं धरून घरच्यांनी त्याच्या फण्या कापल्या होत्या. जोटमच्या बायकोच्या, सलोमेच्या केसांतही तसलीच फणी होती.

यंदा दरड कोसळली आणि पंखाला जोडलेलं धड उघडं पडलं. नेमकी भंगार घेणारी बोट किनाऱ्याला लागलेली. पुतण्या हुडसन हरखला. "काका, एवढं विकलं तर होडीला इंजिन येईल! काकूला वल्हवत न्यायला नको."

सलोमेच्या पायाची जखम चिघळली होती. पट्टीसाठी दवाखाना गाठायचा, तर पूर्ण दिवस होडीत जायचा.

बेटावर विमानाचा कुठलाही तुकडा सापडला की ओळखायला जोटमकडेच यायचा. तो वर गेला, मागून हुडसन आणि लंगडत सलोमेही. त्यानं नखानं माती खरवडली. आतली वैमानिकाची खुर्ची हाती लागली. तिला गोल गोल भोकं होती.

"अमेरिकनांच्या खुर्चीमागं जाड पोलादी पाट असतो, गोळी अडवायला," तो म्हणाला. "ही तर चाळणी आहे. जपानी वजन वाचवायला अशी भोकं पाडायचे."

"घरंगळत आली असेल दुसऱ्या विमानातून," हुडसन म्हणाला.

"सांगाड्याला जोडलेली आहे, बाबा. सांगाडाही घरंगळला का?"

मग त्याचा हात थबकला. कुजलेल्या पट्ट्याचं बक्कल होतं. बंद. उडी मारणारा माणूस ते आधी सोडतो.

"काका, नुसतं अमेरिकन म्हणायचं. कोण येतंय विचारायला?"

"मीच विचारत होतो की रोज," जोटम म्हणाला. "इथं अडकून पडलेल्या माणसाला, घरी पोचलास का म्हणून."

त्यानं सलोमेच्या पायाकडे पाहिलं. तिला कळलं, आपण नुसतं 'विकून टाक' म्हटलं, तरी हा खोटं बोलेल. तिनं केसांतली फणी काढून खुर्चीवर ठेवली.

"हुडसन, तोंड पाडू नकोस, वल्हव मला," ती म्हणाली. " एवढे दंड काय आरशात बघायला कमावलेस?"

त्यांनी खुर्चीभोवती दगड रचले. बोट रिकामीच गेली. जोटम मळ्याला लांबच्या वाटेनं जाऊ लागला. पंखाशी तो पुन्हा बोलला नाही.

पुढच्या पट्टीच्या वेळी त्याच्या छातीत कळ येत होती. सलोमे अडून बसली, पण त्यानं तिला होडीत बसवलंच आणि स्वतः घरी राहिला. हुडसननं जमेल तितक्या जोरात वल्हवलं. ती परतली तेव्हा अंगणात माणसं जमली होती; जोटम वारला होता.

निघताना होडी ढकलून देत जोटम म्हणाला होता, "डोकं झाक, ऊन चढतंय. आणि येताना मीठ आण, घरातलं संपलंय."